सासऱ्यांचा शनिवार आणि देवळालीची डीव्हीडी

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या वाचक मूळच्या देवळालीजवळच्या. नवरा अमेरिकन, गेली चार वर्षं मुक्काम ओहायोत. दर शनिवारी सासू-सासऱ्यांकडे जेवण असतं आणि जेवणानंतर जुन्या ब्रिटिश विनोदी मालिका. सासरे सत्तरीला टेकलेले, कॉलेजात असल्यापासून या मालिकांचे वेडे. सगळे खळखळून हसतात. “मी अर्धा सेकंद उशिरा, त्यांच्या तोंडाकडे बघून हसते,” असं त्या लिहितात. “माहेरी सगळ्यांच्या नकला करणारी मीच होते. पण ब्रिटिश विनोद जरा वरच्या पातळीचा असतो म्हणतात, तो मला झेपत नसावा.” पुढच्या महिन्यात त्यांचे आई-वडील पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त; इंग्रजी चांगलं वाचतात. आईचं इंग्रजी बेताचं. सासऱ्यांनी खास त्यांच्यासाठी इंग्लंडहून एक डीव्हीडी संच मागवलाय: चक्क देवळालीत घडणारी ब्रिटिश मालिका. वाचकांच्या भावाने त्यातल्या दोन-चार क्लिप बघितल्या आणि फोन केला, “बाबांना हे दाखवू नकोस.” प्रश्न दोन. हसण्याचं नाटक चालू ठेवायचं का? आणि त्या डीव्हीडीचं काय करायचं?

उत्तर:

आधी ती ‘वरची पातळी’ जरा तपासू. अमेरिकेत हा समज घट्ट बसलाय हे खरं, पण त्याचं कारण त्या विनोदापेक्षा तो ज्या दारातून आत आला त्या दारात आहे. १९७१ साली पीबीएसवर (अमेरिकेतल्या सार्वजनिक टीव्ही केंद्रांच्या जाळ्यावर) ‘मास्टरपीस थिएटर’ सुरू झालं आणि रविवार रात्र म्हणजे विलायती नाटकं, उंची कपडे, उंची उच्चार असं समीकरण झालं. मग १९७४ साली डॅलसच्या केईआरए या सार्वजनिक केंद्राने ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा ब्रिटिश विनोदी प्रहसनांचा कार्यक्रम दाखवायला घेतला, आणि एकेक करत इतर केंद्रांनीही तो उचलला. पीबीएसची केंद्रं आपले कार्यक्रम बऱ्याच अंशी स्वतः निवडतात, त्यामुळे कुठल्या गावात कुठली मालिका दिसणार हे तिथल्या कार्यक्रम-प्रमुखाच्या आवडीवर होतं. बीबीसीचा अर्धा तास जवळजवळ पूर्ण अर्धा तास असतो. व्यापारी वाहिनीवर तो जाहिरातींसाठी सात-आठ मिनिटांनी कापावा लागतो. सार्वजनिक केंद्रावर अख्खा बसतो. १९७५ साली एबीसी या व्यापारी वाहिनीने पायथनचे भाग जोडून दीड तासाचा कार्यक्रम केला, तेव्हा त्यातली सुमारे २४ मिनिटं कापली. पायथन मंडळी कोर्टात गेली आणि १९७६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी हा विनोद कुठे दिसायचा? जाहिराती नसलेल्या, ‘शिकलेल्या लोकांच्या’ वाहिनीवर, शनिवारी रात्री उशिरा, आणि ज्या केंद्राला लोक स्वतःच्या खिशातून वर्गणी देतात तिथे. वर्गणी भरलेल्या गोष्टीवर माणसाचा जरा जास्तच जीव असतो. शिवाय ब्रिटनमध्ये निघालेल्या शेकडो सुमार मालिका समुद्र ओलांडून आल्याच नाहीत. अमेरिकन चाहत्याने पाहिलेला ब्रिटिश विनोद म्हणजे बऱ्यापैकी चाळून आलेलं धान्य.

आणि चाळणीतूनही काय काय आलं बघा. ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ ही १९७२ ते १९८५ चाललेली, एका जुनाट डिपार्टमेंट स्टोअरमधली मालिका अमेरिकेतल्या सार्वजनिक केंद्रांची कित्येक वर्षं लाडकी होती. तिचा निम्मा विनोद मिसेस स्लोकोम यांच्या मांजरीवरचा, म्हणजे अर्थातच मांजरीवरचा नसलेला. दादा कोंडके यांचे संवाद ज्यांच्या कानावरून गेलेत त्यांना यात झेपण्यासारखं किंवा न झेपण्यासारखं काही नाही. उच्चार लंडनचा असला की चावटपणाही अमेरिकेत सुसंस्कृत ठरतो, एवढंच.

मग तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसांना त्यात नेमकं काय भावतं? माझं मत असं, की न सुधारणारा माणूस. अमेरिकन वाहिन्यांचा हिशोब वेगळा होता. वर्षाला २२-२४ भाग, लेखकांची अख्खी खोली, आणि साधारण १०० भाग झाले की पुनःप्रसारणाचे हक्क विकून खरी कमाई. इतकी वर्षं दर आठवड्याला घरात यायचं तर नायक थोडा तरी गोड हवा, शेवटी त्याने माफी मागायला हवी, कुणीतरी मिठी मारायला हवी. ब्रिटनमध्ये एक लेखक किंवा जोडी बसून सहा भाग लिहिते. सहा भागांपुरता असह्य माणूसही सहन होतो. उलट त्याची फजिती बघायला मजा येते. ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ साली सहा आणि १९७९ साली सहा, एवढेच बारा भाग आहेत. त्यातला हॉटेलवाला बेसिल पहिल्या भागात जेवढा तुसडा, ढोंगी आणि बायकोला घाबरलेला आहे तेवढाच बाराव्यात. तो काही शिकत नाही.

अमेरिकेने त्याची नक्कल करायचा प्रयत्न एकदा नाही, अनेकदा केला. १९८३ च्या ‘अमँडाज’मध्ये तर बेसिलच काढून टाकला आणि हॉटेल एका खमक्या बाईच्या हाती दिलं. वांग्याच्या भरीतातून वांगं काढल्यावर जे उरतं ते उरलं. मालिका काही महिन्यांत बंद. ‘द ऑफिस’चं उदाहरण याहून बोलकं आहे. कचेरीत घडणाऱ्या या मालिकेची मूळ ब्रिटिश आवृत्ती १२ भाग आणि नाताळचे दोन विशेष भाग. २००५ साली अमेरिकन आवृत्तीचा पहिला भाग जवळजवळ मूळ संहितेवरच बेतला, आणि तो अवघडलेला वाटला. दुसऱ्या सीझनपासून बॉसला थोडा मायाळू, थोडा एकाकी, कामात अधूनमधून हुशार असा केला. गाडी २०१ भाग धावली. तुमचे सासरे मूळच्या बाजूचे असतील तर त्यांना तो मायाळूपणा पाणी घातल्यासारखा वाटत असणार. ही आवडीची गोष्ट झाली. पातळीचा त्यात काही संबंध नाही.

त्या हसणाऱ्या मंडळींना सगळं कळतं असं धरून चालू नका. ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ (१९९०-९५, ४४ भाग) तुम्ही त्यांच्याकडे पाहिली असेलच. हायसिंथ बाईंचं आडनाव बकेट, पण फोनवर त्या ते ‘बुके’ असं उच्चारतात. एवढा विनोद सगळ्यांना कळतो. पण बहीण डेझीच्या घरासमोर गाडी थांबली की बाईंचा जीव का जातो, हे कळायला ती वस्ती म्हणजे नगरपालिकेची भाड्याची घरं, हे माहीत असावं लागतं. कोण ‘टी’ म्हणजे चहा समजतं आणि कोण संध्याकाळचं जेवण, यावरून घराणं ओळखता यावं लागतं. अमेरिकन प्रेक्षकाच्या हातून हे बरंच निसटतं आणि तरी तो हसतो. तुम्ही मात्र ‘फोर्टनाइट’, ‘लिफ्ट’, ‘टॉर्च’, ‘रबर’ हे शब्द शाळेत शिकलात, ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे जिना चढून जायचा मजला हे तुम्हाला सांगावं लागत नाही. पाहुण्यांसाठीची कपबशी शोकेसमध्ये कुलपात ठेवणारी काकू तर आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत एक असते. तुमच्याकडे साहित्य कमी नाही.

अडचण तुम्हीच लिहिली आहे: “त्यांच्या तोंडाकडे बघून.” तुम्ही पडदा बघतच नाही, माणसं बघता. आणि ती तुमच्याकडे बघतात, सुनेला कळलं का म्हणून. अशा वेळी कुणालाही हसू उशिराच येईल. शिवाय मालिका अधेमधे कुठूनही पाहिलेली, उच्चार अनोळखी, खोलीत चौघांचं हसणं. यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं.

गुरुवारी सासऱ्यांना विचारा, शनिवारी काय लावणार? तो भाग किंवा त्या मालिकेचा पहिला भाग घरी एकट्याने, सबटायटल्स लावून बघा. मजा जाईल ही भीती नको. फार्स पद्धतीच्या विनोदात पुढे काय होणार हे माहीत असलं तर उलट जास्त मजा येते, कारण सगळा खेळ कोण कोणापासून काय लपवतंय याचा असतो. तेवढं एक सूत्र धरून बघा. सुरुवात ‘फॉल्टी टॉवर्स’च्या दुसऱ्या सीझनमधल्या पहिल्या भागाने करा, ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’. कानाचं यंत्र असलेली खाष्ट पाहुणी आणि बेसिलने बायकोपासून लपवलेले शर्यतीचे पैसे. भाषेवर फारसं काही अडत नाही. पायथनपासून मात्र सुरुवात करू नका, चाहते काहीही सांगोत. त्यातला बराच विनोद बीबीसीच्या निवेदकांच्या, न्यायाधीशांच्या, टीव्ही मुलाखतींच्या ढंगाची टर उडवणारा आहे. मूळ ढंग कानाला ओळखीचा नसेल तर नुसता गोंधळ दिसतो.

सबटायटल्सची एक नेहमीची गोची सांगून ठेवतो. अमेरिकेत निघालेल्या काही डीव्हीडींवर फक्त जुन्या पद्धतीची ‘सीसी’ कॅप्शन्स असतात आणि ती एचडीएमआय केबलमधून टीव्हीपर्यंत पोचत नाहीत. टीव्हीचं सीसी बटण कितीही दाबा, काही येणार नाही. डिस्कच्या मेनूत ‘सबटायटल्स’ असा वेगळा पर्याय असेल तर तो चालतो. नसेल तर प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने जोडून बघा. चित्र ताणून रुंद करू नका, या मालिका ४:३ आकारातल्या आहेत. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो निवडा, कारण जुन्या ध्वनिमुद्रणात प्रेक्षकांच्या हसण्याखाली पुढचं वाक्य बुडतं.

ते हसणं बहुतेक वेळा खऱ्या माणसांचं असतं. घरातली दृश्यं स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून, व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतली जायची. बाहेरची आधीच १६ मिमी फिल्मवर चित्रित करून त्याच प्रेक्षकांना पडद्यावर दाखवायचे. म्हणून पात्र दाराबाहेर पडलं की चित्राचा पोत अचानक बदलतो. टीव्ही बिघडलेला नाही. (गंमत म्हणजे अमेरिकेची ‘मॅश’ ही विनोदी मालिका दाखवताना बीबीसीने त्यातलं साठवणीतलं हसणं काढून टाकलं होतं.)

एवढं करूनही एखादी मालिका आवडली नाही, तर नाही आवडली. ‘फॉल्टी टॉवर्स’मधल्या मॅन्युएल या स्पॅनिश वेटरच्या मोडक्या इंग्रजीवर सगळे हसतात, परदेशात स्वतःच्या उच्चारांची काळजी घेत जगणाऱ्या माणसाला ते टोचू शकतं. स्पेनमध्ये डब करताना त्याला चक्क इटालियन करून टाकला होता. त्यामुळे नाटक बंद करा असंच सांगेन. खोटं हसू आणखी चार वर्षं पुरणार नाही, आणि त्यामुळे सासऱ्यांना वाटत राहतं की तुम्हाला हवंय तेच ते दाखवताहेत. हसू आलं नाही तर प्रश्न विचारा. “कळलं नाही” एवढ्यावर थांबू नका, नेमका प्रश्न विचारा: “ती बाई एवढी घाबरली का?” “हा मेजर हॉटेलात कायमचाच राहतो का?” चाहत्याला हसणाऱ्या श्रोत्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, विचारणारा श्रोता आवडतो. पाच शनिवारांतला एक तुमच्या निवडीचा मागून घ्या. आणि कंटाळा आला तर एखाद्या शनिवारी सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात बसायलाही हरकत नाही. त्याही दरवेळी मनापासून हसत असतील असं कशावरून?

आता डीव्हीडी. वर्णनावरून ती ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ असणार: १९७४ ते १९८१, आठ सीझन, ५६ भाग. काळ १९४५, स्थळ देवळालीची लष्करी छावणी (पुढे कथा ब्रह्मदेशात हलते), आणि पात्रं म्हणजे सैनिकांच्या करमणुकीसाठी नाटकं-गाणी करणारी ब्रिटिश तोफखान्याची तुकडी. चित्रीकरण सगळं इंग्लंडात, त्यामुळे ओळखीचं एकही झाड दिसणार नाही, हे बाबांना आधी सांगून ठेवा. दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या अशा तुकडीत होते, म्हणजे ऐकीव माहितीवर रचलेलं हे नाही. भावाला खटकलं ते बहुधा रंगी राम हे पात्र. हा भारतीय बेअरर (साहेबांचा नोकर) मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून केला आहे. शिवाय नाटकात बायकी भूमिका करणाऱ्या सैनिकांना सार्जंट मेजर ज्या भाषेत हिणवतो तीही आज कानाला बोचते. बीबीसीने या मालिकेचं पुनःप्रसारण बरीच वर्षं टाळलंय.

सासरे कदाचित म्हणतील, बेट्स यांचा जन्म झाशीचा होता, त्यांना उर्दू येत होतं. खरं आहे. त्या काळी भारतीय नट मिळत नसत, असंही म्हणतील. ते मात्र टिकत नाही. त्याच मालिकेत चहावाला आणि पंखेवाला यांच्या भूमिका दिनो शफीक आणि बाबर भट्टी या दक्षिण आशियाई नटांनी केल्या आहेत.

लपवाछपवी करू नका. सासऱ्यांनी तुमच्या आई-वडिलांचं गाव शोधून काढलं, संच मागवला. त्यामागचा हेतू चांगला आहे आणि तो वाया जाऊ नये. डिस्क त्यांच्या प्लेअरवर लागणार नाही या आशेवरही राहू नका. इंग्लंडची डीव्हीडी रीजन २ (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल तो आकडा) आणि पाल या चित्रपद्धतीची. अमेरिकन प्लेअर रीजन १ आणि एनटीएससी, म्हणून साध्या यंत्रावर ती खरंच चालत नाही. भारतातून प्लेअर मागवूनही उपयोग नाही, तो रीजन ५ असतो. पण पन्नास वर्षं चाहता असलेल्या माणसाकडे सगळे रीजन चालवणारा प्लेअर असण्याचीच शक्यता जास्त. नसेल आणि त्यांनी लॅपटॉपवर लावायचं ठरवलं, तर सांगा की कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायमचा.

आई-वडील यायच्या आधी एका संध्याकाळी तुम्ही, नवरा आणि सासरे मिळून पहिला भाग बघा. भावाने क्लिप पाहिल्यात, तुम्ही तर काहीच पाहिलेलं नाही; न पाहिलेल्या गोष्टीवर बोललात तर वाद हराल. पाहून झाल्यावर साध्या शब्दांत सांगा: “तुम्ही आमचं गाव शोधलंत याचं फार बरं वाटलं. पण गोऱ्या माणसाने रंग लावून केलेला आमचा माणूस बघत, आमच्याकडे सगळे बघत असताना, माझ्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात तुमच्या सोफ्यावर बसावं असं मला वाटत नाही.” बोलणं तुम्हीच करा. गाव तुमचं आहे. नवऱ्याने निरोप्या व्हायची गरज नाही, सोबत बसला तरी पुरे.

आणि बाबांना कुणी विचारलंय का? भाऊ त्यांना वाचवतोय, तुम्ही वाचवताय. जन्म देवळालीच्या कॅम्पाशेजारी काढलेल्या माणसाला साहेबाच्या छावणीबद्दल कुतूहलही असू शकतं. फोनवर मालिकेत काय आहे ते सरळ सांगा. “बघू की, काय लिहिलंय आमच्या गावाबद्दल,” असं म्हणाले तर तो त्यांचा निर्णय. मात्र पहिल्या शनिवारी नको, आणि सगळ्यांसमोर नको. दोन आठवडे राहिल्यावर, सासरे आणि ते दोघंच बसले तर उत्तम.

हीच खबरदारी ‘फॉल्टी टॉवर्स’च्या एका भागाबद्दल घ्या: पहिल्या सीझनमधला सहावा, ‘द जर्मन्स’. त्यात म्हातारा मेजर भारताच्या क्रिकेट सामन्याची आठवण सांगताना भारतीयांसाठी अपमानकारक शब्द वापरतो. टर त्या मेजरचीच आहे, पण ते उमगेपर्यंत शब्द कानावर पडून गेलेला असतो. २०२० साली ब्रिटनमधल्या एका स्ट्रीमिंग सेवेने हा भाग काढला आणि काही दिवसांत सूचना जोडून परत आणला. सासऱ्यांचा तो आवडता असण्याची शक्यता दाट आहे. विचारून ठेवा.

पहिल्या शनिवारसाठी हायसिंथ बाई लावा. आईला सबटायटल्स वाचत बसावं लागणार नाही. शेजारीण एलिझाबेथच्या हातातली कॉफी हिंदकळायला लागली की भाषा लागतच नाही. एकच भाग, तीस मिनिटं. आल्यावर पहिले चार-पाच दिवस त्यांचे डोळे संध्याकाळी सातलाच मिटायला लागतील, म्हणून तो आठवडा सोडा आणि जेवण लवकर घ्या. बाबांसाठी पुढच्या शनिवारी ‘येस मिनिस्टर’. वाक्यं लांबलचक आहेत, सबटायटल्स लागतील, मधे थांबवावं लागेल; पण सरकारी कचेरीत वर्षं काढलेल्या माणसाला सचिवाने “साहेब, फारच धाडसी निर्णय आहे हो” म्हटल्यावर मंत्री का घाबरतो हे समजावून सांगावं लागत नाही. २००१ साली स्टार प्लसवर आलेली, फारूख शेख यांची ‘जी मंत्रीजी’ ही त्याचीच हिंदी आवृत्ती; बाबांनी ती पाहिली असेल तर अर्धं काम झालं. तिथे सासऱ्यांना फाइल कशी फिरते हे सांगायची पाळी बाबांची.

देवळालीचा विषय त्या घरात काढायचाच तर एका शब्दावरून काढा. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात. तो शब्द म्हणजे देवळालीच. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत सैनिक तिथल्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत, कंटाळून भ्रमिष्टासारखे वागत. मूळ शब्दप्रयोग ‘डूलॅली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. सासऱ्यांनी हा शब्द मालिकांमधून ऐकलेला असेल, पण उगम ठाऊक असेलच असं नाही. तो बाबांनाच सांगू द्या. आणि संचाच्या खोक्यावर रीजनचा कुठला आकडा छापलाय, ते याच शनिवारी बघून घ्या.